मिसरी म्हणजे व्यसन नव्हे

वहिनीला सातवा महिना लागला तेव्हा बाळाचं वजन कमी भरलं. पुढच्या तपासणीला आईनं मलाही परतूरच्या एका दवाखान्यात नेलं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणजे डॉक्टरांशी मी बोलणार, असा घरात समज. मी घरातही फारशी बोलत नाही, हे कुणी विचारात घेतलं नव्हतं.

आमच्या आधीच्या बाईनं तंबाखू खाते म्हणून कबूल केलं, आणि सिस्टर एवढ्यानं ओरडल्या की बाहेर बसलेल्या बायकांनीही पदर सावरले. "लेकराला इख चारून राह्यलीस का?" ती बाई खाली मान घालून निघाली, गोळ्या घ्यायलाही थांबली नाही.

मग आमचा नंबर. "काही व्यसन?"

"न्हाई बा," वहिनी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडं तंबाखू भाजून केलेली मिसरी लावणं म्हणजे दात घासणं. वहिनी उठल्यावर घासायची, जेवल्यावर घासायची, भांडण झालं की घासायची.

डॉक्टर मॅडम तिच्या काळ्या पडलेल्या बोटाकडं बघत होत्या. "दात कशानं घासता?"

"मिसरीनं," आईच अभिमानानं म्हणाली. "घरची हाय. इकतची बिलकुल न्हाई. मी सोता भाजते."

सिस्टरनी ओरडायला श्वास भरून घेतला. मॅडम घाईनं म्हणाल्या, "सिस्टर, बीपीचं मशीन आणता?" मशीन टेबलावरच होतं.

मग त्यांनी वहिनीला विचारलं, "नाही लावली तर काय होतं?"

"डोकं धरतं. कुणाशी बोलू वाटत न्हाई."

मिसरीतूनही तंबाखू अंगात जातो, त्यानं बाळ नीट वाढत नाही, असं मॅडमनी शांतपणे सांगितलं. वहिनीचा चेहरा उतरला. "मंग सोडते. पर आत्याबाई समोर लावत बसल्या की कसं जमंल?"

"मग त्यांनीही सोडायची."

"म्या?" आई म्हणाली. "म्या कुठं गरोदर हाय?"

आधी सिस्टरच हसल्या. मॅडम माझ्याकडं वळल्या. "आणि तुम्ही कोण?"

"नणंद," मी म्हणाले. त्या दिवसातलं माझं भाषण एवढंच.

पुढं आई मिसरीऐवजी बडीशेप चघळत सगळ्यांवर खेकसत राहिली. नंतरच्या तपासणीत बाळाचं वजन वाढलेलं निघालं. पण ते कळायच्या आत, खुर्चीवर टेकता टेकताच वहिनी म्हणाली, "परवा एकदा लावली."

सिस्टरनी तोंड उघडलं, मिटलं. "सांगितलंस ते बरं केलंस. एकदाच ना?"

"तिनं एकदाच," आई म्हणाली. "माझं इचारू नका."