सुधीरने मला न दिलेली काडतुसं

वहिनींचा फोन आला तेव्हा मी सुधीरच्याच घरी निघालो होतो. शनिवारची सकाळ, ॲरिझोनातल्या चँडलरचा फ्रीवे मोकळा, कपहोल्डरमध्ये दोघांची कॉफी. "नंदूभावजी, सुधीर गेला... गराजमध्येच," एवढंच त्या बोलल्या. हार्ट अटॅक. मी पोचलो तेव्हा कॉफी अजून गरमच होती.

सुधीरला रायफलच्या नेमबाजीचा भारी नाद. आठवडाभर कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप्स डिझाइन करायच्या आणि शनिवारी गराजमध्ये स्वतःच्या हाताने काडतुसं भरायची. मलाही तो नाद त्यानेच लावला. काडतुसाच्या पितळी नळकांड्यात पावडर गळ्यापर्यंत यायची; माप पुस्तकातलंच, पण असं, की वरून बुलेट बसवताना पावडर दाबली जायची. बुलेट दाबून बसवणाऱ्या प्रेसचा दांडा खाली येताना बारीक करकर ऐकू यायची. "ऐक, ऐक! चिवडा चावल्यासारखं," म्हणत तो डोळे मिटायचा. मला आता चिवडा खाताना... असो.

माझी काडतुसं कायम बेताचीच. टार्गेटवर त्याची भोकं एकमेकांना चिकटलेली, माझी गावभर. एकदा म्हटलं, "यार, एक डबा भरून दे की!" तर साहेब एकदम गंभीर. "दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रायफलमध्ये घालायचं नाही. माझी चूक झाली तर रायफल फुटून तुझा डोळा जाईल. सख्ख्या भावालाही देणार नाही." नियम खरा आहे, रेंजवर सगळेच सांगतात. मी पुन्हा मागितलं नाही. उलट अभिमान वाटायचा, काय तत्त्वाचा माणूस आहे!

आणि शोकसभेला त्याचा शेजारी टॉम माझा हात धरून म्हणाला, "आता माझी काडतुसं कोण भरणार? दर हंटिंग सीझनला तोच द्यायचा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर त्याचा हार घातलेला फोटो, आणि मला त्याची गचांडी धरावीशी वाटत होती. गेलेल्या माणसावर एवढं चिडता येतं, हे मला माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात वहिनींना विचारलंच. म्हणाल्या, "मीही विचारलं होतं त्याला. तर म्हणतो कसा, टॉमला काडतुसंच हवी असतात. नंदूला भरून दिली, तर तो शनिवारी कशाला येईल?"

त्यांना वाटलं, हे ऐकून मी निवळेन. कसला निवळतोय! अरे, मी काय काडतुसांसाठी येत होतो? इतके शनिवार तुझ्या त्या तापलेल्या गराजमध्ये घाम गाळला, आणि तुला माझ्याबद्दल एवढंच कळलं? नुसतं 'येत जा' म्हणाला असतास तरी...

गराजमध्ये गेलो. प्रेसमध्ये त्याचं शेवटचं काडतूस तसंच होतं. पावडर भरलेली, वर बुलेट नुसती टेकवलेली. मी दांड्यावर हात ठेवला आणि सावकाश खाली दाबला. करकर झाली.

ते काडतूस आता माझ्या टेबलावर असतं. अर्धं त्याच्या हातचं, अर्धं माझ्या. म्हणजे दोघांपैकी कुणीच झाडायचं नाही. तुझा नियम आहे ना, सुधीर? मी तरी पाळतोय.