निळं विरजण

कापसाचं काही खरं नाही, असं जो तो म्हणत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. वडिलांनी मला फुलसावंगीहून यवतमाळच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला पाठवलं होतं. आमच्या सरांनी खटपट करून कुठून तरी एक नळी मिळवली होती. तिच्यातल्या जिवाणूंत दुसऱ्याच जिवाणूचं जनुक घातलेलं होतं, त्यामुळे ते कापड रंगवायचा निळा रंग तयार करत. इथलाच कापूस, इथलाच रंग, विषारी रसायन नको, हे सरांचं वेड.

सर तीन आठवडे बाहेरगावी गेले आणि जाताना तो जिवाणूंचा वाण माझ्या हवाली करून गेले. काम सोपं होतं. रोज कालच्या फ्लास्कमधलं थोडं आजच्या ताज्या खाद्यात सोडायचं आणि वर प्रतिजैविकाचे थेंब टाकायचे. ज्याला जगवायचं त्यालाच औषध, हे मला मुळात पटलं नव्हतं. आई रोज कालच्या दह्याचं विरजण लावते, ती कुठे औषध घालते? त्यात औषधाची बाटली तळाला गेलेली. मी शहाणीने थेंब बंद केले. जिवाणू आणखीच माजले आणि मी स्वतःवर खूश.

निळा रंग रोज दिसत नसे. वेगळं खाद्य दिलं की दुसऱ्या दिवशी उतरे. सर यायच्या दोन दिवस आधी ते देऊन पाहिलं, तर फ्लास्क पिवळट. दुसरा लावला, तोही तसाच. रंग ही आपली गरज, जिवाणूंना ते ओझंच. ज्यांनी ते टाकून दिलं तेच भराभर वाढले. रंगाच्या जनुकाला जोडूनच औषधाला तोंड द्यायचं जनुक होतं, म्हणून औषध असतं तर नेमके तेच मेले असते. हे सगळं वाचलेलं होतं, पण आठवलं तेव्हा. वाण एकच होता आणि तो मी घालवला होता.

सर यायच्या सकाळी खोलीवरची कपड्यांची नीळ पिशवीत टाकून नेली आणि चार थेंब फ्लास्कमध्ये सोडले. बोटांवरचे निळे डाग जाईपर्यंत हात तीनदा धुतले.

सरांनी फ्लास्क उजेडात धरला. "वा पोरी! आता याचाच साठा करून ठेवतो," म्हणत ते नळ्या काढू लागले. त्यांचा आनंद मला बघवेना.

"नका करू सर. कपड्याची नीळ हाये ते. मी औषध टाकलंच नाही."

ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पहिल्या हप्त्याचे फ्लास्क कुठी हायेत?"

वापरलेले फ्लास्क वाफेवर निर्जंतुक करून मगच ओतायचे असतात. पण लोडशेडिंगमुळे यंत्र चाललंच नव्हतं आणि ते कोपऱ्यातल्या बादलीत तसेच आंबत पडले होते. सुरुवातीच्या फ्लास्कांत रंगवाले काही उरले असतील म्हणून सरांनी त्यातलं थोडं थोडं, औषध आणि रंग उतरवणारं ते वेगळं खाद्य घातलेल्या थाळ्यांवर पसरलं. पुढचे दोन दिवस मी सारखी त्या थाळ्या बघत होते.

तिसऱ्या सकाळी एका थाळीत मोहरीएवढा एकच निळा ठिपका होता. मी धावत जाऊन थाळी सरांपुढे धरली. त्यांनी आधी माझी बोटं पाहिली.