छताखालचं पाणी

इम्रानचं डोकं पुन्हा पाण्यावर पसरलेल्या ताडपत्रीला धडकलं आणि मी शिट्टी वाजवली. चार कोपरे धरून उभ्या असलेल्या माझ्या बॅचच्या मुलींनी ताडपत्री उचलली. तो वर आला, मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "अक्का, ही ताडपत्री आहे हे माहीत असतं ना. दगड असता तर मी वर गेलोच नसतो."

"तुला काय माहीत असतं ते राहू दे," मी म्हटलं. "तुझ्या पायांना काय माहीत आहे ते मी बघतेय."

आधी सगळं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका तलावावर मी बरीच वर्षं पोहायला शिकवते. तलाव म्हणजे फरशीचा, क्लोरीनच्या वासाचा. पन्नाशीला आले तेव्हा कोकणात जाऊन स्कूबा शिकले, म्हणजे पाठीवर हवेचा टँक घेऊन पाण्याखाली उतरणं. मग पाण्याखालच्या गुहांचं वेड लागलं. पुस्तकं मागवली, डिक्शनरी उशाशी ठेवून वाचली, आणि गुहेचं सुरुवातीचं शिक्षण बाहेर जाऊन घेतलं. सर्टिफिकेट मी देत नाही. ते गुहेवरचे इन्स्ट्रक्टर देतात. पण आपल्याकडचं कुणी त्या कोर्सला निघालं की आधी तयारीसाठी माझ्याकडे पाठवतात. सोलापुरात गुहा कुठली, असं मला सगळे विचारतात. नाहीच की. म्हणून तर ताडपत्री.

समुद्रात काही बिघडलं तर सावकाश वर येता येतं. गुहेत डोक्यावर दगड असतो. तिथे वर नावाची दिशाच नाही. ज्या वाटेने आत गेलात, त्याच वाटेने बाहेर. म्हणून गुहेच्या तोंडापासून एक नायलॉनची दोरी बांधत आत जायचं. तिला लाइन म्हणतात. ती ज्या रिळावर गुंडाळलेली असते त्याला माझ्याकडची विणकरांच्या घरातली मुलं कांडीच म्हणतात. बॅटरी विझली किंवा तळाचा गाळ उठला तर डोळ्यासमोरचा हातही दिसत नाही. मग लाइनवरची बोटं हेच डोळे.

हे शिक्षण टप्प्याटप्प्याने होतं. आधी तोंडाकडचा उजेड दिसतोय तिथवरच जायचं. ते अंगवळणी पडलं की एकाच लाइनवर थोडं आत. फाटे फुटतात तिथे जायची गोष्ट फार पुढची. हवेचे तीन वाटे करायचे: एक जायला, एक यायला आणि एक अडचणीला. लोकांना वाटतं हा जिना आहे, पाय लांब असले तर दोन पायऱ्या एकदम चढता येतील.

इम्रानचे पाय लांबच होते. त्याचे वडील बाशाभाई यांचा धंदा विहिरीत पडलेल्या पाण्याच्या मोटारी काढायचा. करकंबपासून वेळापूरपर्यंत कुणाची मोटर बुडाली की फोन बाशाभाईंना. इम्रान त्यांच्याच हाताखाली पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकला. पुढे कोकणात स्कूबा शिकवायला लागला. माझ्याकडे आलेल्यांत इतकं पाणी अंगात मुरलेला माणूस मी पाहिला नाही. नौदलातून रिटायर झालेले एक गृहस्थ, आम्ही त्यांना कॅप्टनच म्हणतो, परदेशातल्या गुहांवर एक टीम नेणार होते. तिथे आधी कोर्स, मग त्यांच्याबरोबर गुहांच्या पाहणीचं काम. इम्रानने त्यासाठी कोकणातली नोकरी सोडली होती. माझा होकार तेवढा बाकी होता.

आणि एकच ड्रिल त्याला जमत नव्हतं. मास्कला आतून काळा कागद, डोक्यावर ताडपत्री, हातात लाइन. मध्येच मी मागून येऊन त्याचा रेग्युलेटर काढते. रेग्युलेटर म्हणजे तोंडात धरायची हवेची नळी. अशा वेळी लाइन सोडायची नाही, शेजारच्या बडीला, म्हणजे जोडीदाराला, चाचपायचं, त्याच्याकडचा जादाचा रेग्युलेटर तोंडात घ्यायचा आणि दोघांनी लाइन धरून बाहेर यायचं. टीममधल्या बाकीच्यांना चुकतमाकत जमलं. इम्रान मात्र लाइन सोडून, लाथ मारून वर उसळायचा. दर वेळी.

मी कॅप्टनना फोन करून सांगितलं, इम्रान या खेपेला नको.

"अक्का, टीममध्ये सगळ्यात स्ट्राँग तोच आहे," ते म्हणाले.

"तीच तर अडचण आहे, सर. जितका स्ट्राँग, तितक्या जोरात दगडावर जाईल."

"तिथले इन्स्ट्रक्टर त्याला सुधारतील की."

"सुधारतीलही. पण त्यांना तो पोहताना छान दिसेल. छान पोहणाऱ्याला कोण मुद्दाम घाबरवून बघतं?"

त्यांनी पुढे वाद घातला नाही, पण फोन ठेवताना आवाज कोरडा होता. इम्रानही दोन दिवस तलावावर फिरकला नाही. आला तेव्हा मी त्याला पाण्यात उतरूच दिलं नाही. तलावाच्या शिडीपासून कडुलिंबाच्या झाडाला वळसा, तिथून कपडे बदलायच्या खोलीचा कठडा, मग शॉवरचा खांब, अशी दोरी बांधली. डोळ्यांवर पट्टी बांधून ती धरून चालायचं. शिट्टी वाजली की हवा संपली असं समजायचं, जागीच थांबायचं, मागे वळायचं आणि दोरीवरूनच परत.

तेव्हा महिला बॅच सुटत होती. त्यातल्या एकीने विचारलंच, "अक्का, एवढा चांगला मुलगा, ह्याला दिसंना कधीपासून झालं?" इम्रानचे कान लाल झाले, पण दोरी त्याने सोडली नाही.

मी शिट्टी वाजवली. तो थांबला, वळला, सगळं बरोबर केलं. पण त्याआधी, अगदी पापणी लवेल इतकाच वेळ, त्याची हनुवटी वर गेली आणि दोन्ही टाचा फरशीवरून उचलल्या गेल्या. कोरड्या फरशीवर, चप्पल घालून.

मी पुन्हा वाजवली. पुन्हा टाचा वर.

त्याच संध्याकाळी बाशाभाई आले. रागातच आले होते.

"अक्का, पोरगं हिरीत वाढलंय," ते म्हणाले. "त्याला फरशीवर चालायला लावता व्हय? गल्लीत लोक हसायलेत."

मी म्हटलं, बसा, चहा घ्या आणि त्याच्या पायांकडे तेवढं बघा. ते लिंबाखालच्या बाकावर बसले, इम्रान पट्टी बांधून दोरीवर निघाला. मी शिट्टी वाजवली. बाशाभाईंनी कप खाली ठेवला. मला म्हणाले, परत वाजवा. मी वाजवली.

"तुम्ही त्याला कसं शिकवलं होतं?" मी विचारलं.

"कसं म्हंजे? कासावीस झाला की वर. इचार करायचा न्हाय, लाथ मारायची. मी काठावरनं वरडायचो, 'वर'. हिरीत वर आभाळच असतंय की. दोनदा वाचलाय तो त्याच्यामुळं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. विहिरीत तोच धडा बरोबर. मीही डबा बांधूनच शिकले, माझ्याही अंगात तेच होतं. ते काढायला मला एक अख्खा हिवाळा लागला. जी सवय एका पाण्यात जीव वाचवते तीच दुसऱ्या पाण्यात जीव घेते, आणि अंगाला पाण्यातला फरक कळत नाही. ते त्याला निराळं शिकवावं लागतं.

बाशाभाईंनी माझ्या हातातली शिट्टी बाजूला सारली. "ह्येनं न्हाय व्हायचं," ते म्हणाले. "त्येच्या अंगात शिट्टी न्हाय, माझा आवाज हाय."

दुसऱ्या दिवसापासून ते रोज यायला लागले. इम्रान पट्टी बांधून दोरीवर चालायचा. बाशाभाई आवाज न करता मागून जायचे आणि कानाशी ओरडायचे, "वर!" त्याने ऐकायचं नव्हतं. सांगायला सोपं आहे. ज्या आवाजाचं ऐकून माणूस जिवंत राहिला, तो आवाज कानाशी असताना दोरी घट्ट धरून मागे वळायचं. पहिल्या दिवशी इम्रान अक्षरशः उडी मारून लिंबाच्या फांदीवर आपटला. महिला बॅचने टाळ्या वाजवल्या. मग तो चिडला. मग हसायला लागला, ते अजूनच वाईट, कारण हसताना हात सुटतो.

एके दिवशी बाशाभाई ओरडले आणि इम्रान थांबला. बोटं दोरीवर आवळली. पाय जमिनीला चिकटलेले. सावकाश वळला आणि चालत परत आला. बाशाभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "ऐकलं न्हाय बगा माझं." इतका समाधानी बाप मी कमी पाहिलाय.

तरी मी लगेच ताडपत्री घातली नाही. आधी पाण्यात, पण डोक्यावर मोकळं आभाळ. मग अर्ध्या तलावावर ताडपत्री. मग पूर्ण. काळा कागद सगळ्यात शेवटी. तोवर कॅप्टनची टीम गेली. इम्रानच्या जागी दुसरा मुलगा गेला, काम करून सुखरूप परत आला, आणि अक्कांनी उगीच एका पोराची संधी घालवली असं काही जण बोलले. बोलू दे. तो मुलगा परत आला याचा मला आनंदच झाला. तो आला नसता तर मी बरोबर ठरले असते, असलं बरोबर ठरणं कुणाला हवंय?

पुढच्या हंगामात कॅप्टननी आपणहून इम्रानचं नाव घेतलं. तो गेला, पहिल्या टप्प्यापासूनच त्याने सुरुवात केली. मध्येच एकदा त्याचा फोन आला. आवाज पडलेला.

"अक्का, आज मी डाइव्ह अर्ध्यात मोडली. हवा भरपूर होती, बॅटऱ्या चालू होत्या, लाइन हातात होती. सगळं ठीक होतं. पण मन घेईना. मी परत फिरायची खूण केली."

गुहेत एक नियम आहे. कुणीही, केव्हाही, कुठल्याही कारणाने परत फिरायची खूण केली की सगळे फिरतात. नवखा असो की म्होरक्या.

"बरोबरच्यांनी कारण विचारलं का?" मी म्हटलं.

"नाही."

"मग मीही विचारत नाही. जेवलास का?"

बाशाभाईंना मात्र ते पटलं नव्हतं. ते तलावावर येऊन मला म्हणाले, "एवढ्या लांब गेला, आन् काय झालं नसताना माघारी फिरला व्हय?" मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं की कोर्स त्याने पुढे पूर्ण केला, पण माझ्या हिशेबी तो पास झाला तो त्याच दिवशी. त्यांनी चहा संपवला, थोडा विचार केला, आणि म्हणाले की मोटारी काढायला येणाऱ्या पोरांनाही हे सांगून बघतो, ऐकतील असं वाटत नाही.

माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिल्या दिवशी सांगतात, आपण किती खोल गेलो होतो. मी ऐकून घेते. मग विचारते, परत कुठून फिरलात? ज्याच्याकडे त्याचं उत्तर नसतं, त्याला मी दोरी धरून लिंबापर्यंत चालायला लावते.