हरितालिकेच्या उपासात विमान

माझा डावा कान लहानपणीच फुटला. माहेरी त्यात गरम तेल घातलं, लसणाचा रस घातला, आणि घालायला काही उरलं नाही तेव्हा सोडून दिलं. तेव्हापासून माझं सगळं ऐकणं उजव्या कानावर आहे. फोन त्याच कानाला, दारावरची हाकही त्याच कानाला. रात्री तो उशीत दाबला की जाऊबाई पलीकडच्या खोलीत कितीही बोलल्या तरी मला झोप लागते. एकच कान असण्याचा फायदा म्हणाल तर एवढाच.

माझा मुलगा हैदराबादला विमानं दुरुस्त करतात तिथे कामाला आहे. विमानातल्या हवेची यंत्रं त्याच्याकडे असतात. गावात असं सांगितलं की लोक म्हणतात, "म्हंजे एसी दुरुस्त करतो व्हय?" जाऊबाईंनी तर भावकीत त्याला फ्रीजवाला करून टाकलं. त्यांच्या स्वतःच्या मुलानं आजवर फ्रीजचं दारसुद्धा नीट लावलेलं नाही, पण ते जाऊ द्या.

मागच्या वेळी मी त्याला सोडायला वारंगा फाट्यापर्यंत गेले होते. नांदेडची बस येईना. समोर पंक्चरवाल्याची हवेची टाकी धडधडत होती. तो म्हणाला, "आई, ती नळी बघ, हात लावू नको. हवा दाबली की तापते. विमानाचं इंजिन पण बाहेरची हवा अशीच दाबतं. वर हवा इतकी पातळ असते की माणूस तिथे श्वास घेऊ शकत नाही. म्हणून ती दाबून आत घ्यावी लागते." मग पंक्चरवाल्यानं एका चाकातली हवा सोडली. मुलानं माझा हात त्या फुसकाऱ्यापुढे धरला. हवा गार लागली. "दाबली की तापते, मोकळी झाली की गार पडते," तो म्हणाला. "तापलेली हवा आधी बाहेरच्या थंडीवर निववायची, मग मोकळी सोडून आणखी गार करायची. आमचा एसी तो हाच."

मी विचारलं, मग सारखी हवा भरून विमान फुगत नाही का? तो खूश झाला. म्हणाला, मागच्या बाजूला एक झाकण असतं. ते कमीजास्त उघडून जितकी पाहिजे तितकी हवा बाहेर जाऊ देतात. तरी आतली हवा जमिनीवरच्याइतकी दाट ठेवत नाहीत, उंच डोंगरावर असते तशी ठेवतात. उतरताना ती पुन्हा दाट होत जाते, तेव्हा कानात दडा बसतो. गिळलं की आतली बारीक वाट उघडते आणि कान मोकळा होतो. मला सगळं समजलं. मी चौथीपर्यंत शिकले आहे, पण समोरची नळी तापली आहे की नाही हे कळायला पाचवी लागत नाही.

यंदा त्याच्या नव्या घरी पहिला गणपती बसणार होता. त्यानं आदल्या दिवशीची विमानाची तीन तिकिटं काढली. मालकांना जनावरं सोडून जाता येईना आणि मी एकटी कुठे जात नाही, म्हणून सोबतीला थोरले दीर आणि जाऊबाई. आदला दिवस म्हणजे हरितालिका. आमच्या घरी ती निर्जळी करतात. जाऊबाईंच्या पद्धतीत तर तोंडातली थुंकीही गिळायची नाही.

मी हिंगोलीला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, "उजव्या कानाचा पडदा पण पातळ झालाय. जा, पण उतरताना गिळत राहा. गोळी चघळा, पाणी प्या. दडा बसू देऊ नका." मुलानंही फोनवर तेच सांगितलं. मी संत्र्याच्या गोळ्यांची पुडी आणली. निघायच्या दिवशी सकाळी जाऊबाईंनी ती माझ्या पिशवीतून काढून स्वतःच्या बटव्यात टाकली.

"माझ्यापाशी राहू दे. तुला मोह व्हईल."

"बाई, डॉक्टर म्हणले कानाला..."

"डॉक्टर मोठा का देव मोठा? पाणी पिलीस तर पुढच्या जन्मी मासोळी व्हशील."

मासोळी झाले असते तर निदान कान सांभाळावे लागले नसते. पण असली उत्तरं मला नेहमी नंतर सुचतात. आणि ज्यांच्यासाठी हा उपास, ते आमचे मालक त्याच वेळी ओट्यावर बसून दुसरा चहा पीत होते.

थोरले दीर एकदा तिरुपतीला विमानानं जाऊन आले होते. तेव्हापासून विमान हा त्यांचा विषय. नांदेडपर्यंत जीपमध्ये त्यांनी ड्रायव्हरला समजावलं, "वर मोठेमोठे सिलिंडर असतात, दवाखान्यात असतात तसे. तिकीट महाग काहून असतं? त्या सिलिंडरपायी." ड्रायव्हर म्हणाला, "मंग सिलिंडर संपलं तर, काका?" "तर खिडकी उघडतात." ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर सोयाबीन पाहत राहिले.

विमानात खिडकी त्यांनी घेतली, मध्ये जाऊबाई बसल्या, कडेला मी. माझा चांगला कान जाऊबाईंच्या बाजूला आला. बाहेर भादव्याचा दमटपणा होता. दार लागलं आणि डोक्यावरच्या फटींतून पांढरं काहीतरी खाली उतरू लागलं. दीर अर्धवट उठले.

"धूर! ओ बाई, धूर निघून राहिला!"

विमानातली मुलगी धावत आली. "अंकल, बैठिए, भाप है."

ती वाफच होती. पावसाळ्यात ओल्या हवेत गार हवा सोडली की अशी वाफ दिसते, हे मुलानं मला आधीच सांगून ठेवलं होतं. दीर बसले आणि मागच्या माणसाकडे वळून म्हणाले, "चेक करावं लागतंय. हे लोक लक्ष देत न्हाईत." जाऊबाईंनी मान हलवली. नवऱ्याची अक्कल सांभाळणं हे त्यांचं बारा महिन्यांचं व्रत आहे, हरितालिकेपेक्षा कडक.

वर चढताना कानात दोनदा टक टक झालं आणि आपोआप मोकळं वाटलं. दीरांनी त्या मुलीकडून पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. एक पिशवीत ठेवली. दुसरी अर्धी पिऊन झाकण घट्ट लावलं आणि समोरच्या कप्प्यात खोचली. घोट घेताना जाऊबाईंच्या देखत मोठ्यानं "आहा" म्हणाले. विमानातली हवा फार कोरडी असते. रात्रीपासून पाणी नव्हतं, त्यात ती हवा. माझी जीभ टाळूला चिकटली.

मग विमान उतरू लागलं.

आधी सगळं लांब गेलं. इंजिन लांब गेलं, कुणाचं तरी पोर रडत होतं ते लांब गेलं. मग कानात कुणी अंगठा रोवावा तसं दुखू लागलं. मी गिळायला गेले, तर तोंडात गिळायला काहीच नव्हतं. नुसता घसा घासला. जाऊबाईंचं बोलणं आयुष्यभर नको नको वाटलं, पण आता त्यांचे बांगड्या भरलेले हात हलत होते आणि बांगड्यांचा आवाज येत नव्हता. तेव्हा मी खरी घाबरले. हा कान गेला तर मला सगळं जग जाऊबाईंच्या हातवाऱ्यांतून समजून घ्यावं लागणार होतं. सून काय म्हणाली, मुलगा काय म्हणाला, ते त्या सांगतील तेवढंच. यापेक्षा मासोळी बरी.

"बाई, गोळी द्या," मी म्हणाले. माझाच आवाज मला घागरीतून आल्यासारखा वाटला.

जाऊबाईंनी जोरानं मान हलवली. नाही. पण तोंड उघडलं नाही. त्या बाईनं 'नाही' म्हणायला तोंड उघडलं नाही, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. पदर तोंडावर होता, आणि पदराखाली एक गाल फुगलेला होता. मग तो फुगा या गालातून त्या गालात गेला. मला संत्र्याचा वास आला.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

पलीकडे दीर त्या अर्ध्या बाटलीकडे टक लावून बसले होते. झाकण बंद, कुणाचा हात नाही, आणि बाटली आपोआप आत चेपत चालली होती. त्यांचे ओठ हलले. बहुतेक "भूत" म्हणाले असावेत. मला त्या बाटलीत माझा कान दिसला. वरची पातळ हवा आत अडकलेली, बाहेरची दाट होत चाललेली, आणि मधली भिंत बिचारी चेपत जातेय.

मी जाऊबाईंच्या मांडीवरून हात पुढे केला आणि बाटली उचलली. थोरल्या दिरांची उष्टी बाटली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांच्यासमोर पदर पडू दिला नव्हता. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं, डोळे मोठे केले, पण बोलणार कशा? बोलल्या असत्या तर गोळी बाहेर आली असती. मी मनगट सोडवलं. झाकण फिरवलं, तशी बाटली थरथरून पुन्हा गुबगुबीत झाली. मग मी प्याले. चार-पाच मोठे घोट, एकामागून एक.

कानात काहीतरी फाटल्यासारखं वाजलं आणि मी डोळे मिटले. वाटलं, गेला. पण पुढच्याच क्षणाला सगळं परत आलं. इंजिन, रडणारं पोर, दीर म्हणत होते, "अगं, अगं, माझी बाटली." आणि सगळ्यात जवळून, अगदी कानाशी, कटाक कटाक असा आवाज आला. जाऊबाई उरलेली गोळी दातांनी फोडून संपवत होत्या. आता बोलायची घाई झाली होती त्यांना.

"बाटवलास उपास," गोळी गिळताच त्या म्हणाल्या. शब्दाशब्दाला संत्र्याचा वास.

मुलाच्या घरी पोचल्यावर पाय धुवायच्या आधीच त्यांनी सुनेला सांगायला सुरुवात केली. "तुझ्या सासूला एक दिवस धीर निघाला न्हाई बग. ह्यांच्या हातातून बाटली हिसकून पिली. मी मातर थेंब घेतला न्हाई." सून माझ्याकडे बघत राहिली. दीर म्हणाले, विमानातल्या बाटल्या चेपतात, तिथली हवा चांगली नसते, सिलिंडर जुने होते.

मुलानं आत येऊन हळूच विचारलं, "आई, कान ठीक हाय ना?"

बाहेरच्या खोलीत जाऊबाई तीच गोष्ट आता शेजारणीला पहिल्यापासून सांगत होत्या. या वेळी मी दोन बाटल्या प्याले होते.

"ठीक हाय," मी म्हणाले. "सगळं ऐकू येतंय."