मुली असून बुडालेली सरदारकी

अमेरिकेत पार्सिपनीला लेकीकडे येऊन महिना झाला, तरी माझं बूड एका जागी टेकत नव्हतं. बसलं की बायको, इंदू, नसल्याचं कळतं. म्हणून मी घरभर फिरायचो. शेवटी वैशाली म्हणाली, "बाबा, कार्पेट झिजवाल. चला, ड्राइव्ह करून कुठंतरी जाऊ."

खरं म्हणजे आमचं बिनसलं होतं. इंदूचं वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. वैशाली म्हणे, मी येते, मीच करते. मी म्हणे, पुतण्या दिलीप आहे, मुलीचा हात चालत नाही. इंदू गेली तेव्हाही ही विमानातून उतरून धावत स्मशानात पोचली होती. तरी मडकं मी दिलीपच्याच खांद्यावर दिलं होतं.

तासाचा रस्ता. एक वळण चुकलं, दीड तास लागला. गाडीतच थालीपीठ खाल्लं. नदीकाठी लोकांना बघायला ठेवलेलं दगडी घर, आत जुन्या लाकडाचा वास. घर ऑल्डरकोट नावाच्या इंग्रज बॅरनचं (बॅरन म्हणजे राजाने केलेला सरदार). चार पिढ्यांचे चार पुरुष सोनेरी चौकटीत टांगलेले. माहिती द्यायला माझ्याच वयाची एक बाई. ती बोले, वैशाली मराठीत सांगे. पहिल्याने लढाई मारली, राजाने किताब दिला. तिसऱ्याने इकडे जमीन घेतली. चौथ्याला तिन्ही मुलीच. तो मेला त्या दिवशी किताब संपला, कारण राजाच्या कागदात फक्त मुलगा लिहिलेला.

मुली कुठं? स्वयंपाकघराच्या दाराशी, एका वीतभर चित्रात.

"म्हाताऱ्याचं शेवटी कुणी केलं?" मी विचारलं.

"धाकटीने," बाई म्हणाली. "थडगंही तिनेच बांधलं."

"तीन मुली जिवंत आणि घराणं संपलं म्हणे! गाढवं आहेत ही माणसं."

हे काही वैशालीने इंग्रजीत सांगितलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आईचं मडकं कुणाच्या खांद्यावर होतं?"

मी बाहेर पडलो. त्या घराला तीन फेऱ्या मारल्या. ती गाडीत जाऊन बसली होती. काच वाजवून म्हटलं, "तुझंही तिकीट काढ."

"लीव्ह मागावी लागेल."

"मग माग की! माझ्याकडे काय बघतेस?"

गावी घाटावर भटजींनी विचारलं, "दिलीप कुठाय?"

"दुपारी जेवायला येईल," मी म्हटलं. वैशाली पाटावर बसली. मंत्र अडखळत म्हणाली, पण पिंड तिनेच ठेवला.

लोक विचारतात, अमेरिकेत काय बघितलं? मी सांगतो, एक बुडालेली सरदारकी. त्यांच्याकडे निदान राजाचा कागद होता. मला कुणी काही लिहून दिलं नव्हतं, तरी इंदूच्या चितेपाशी मी तिच्या पोरीला मागे उभं केलं.