कार्डावरचा नवरा

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी करायचा आमचा कारखाना होता आणि तिथल्या ऑफिसात मी कारकून होतो. शहाण्णव साली मालकांना कामगारांचा एकदम उमाळा आला आणि त्यांनी सगळ्यांचा आजारपणाचा विमा उतरवला. कामगार, त्याची बायको किंवा तिचा नवरा, आणि पोरं, एवढ्यांचाच. कार्डं मीच भरली, त्यामुळं पुढच्या भानगडीत माझाही हात आहे.

दगडाबाई खोकी चिकटवायच्या खात्यात होती. तिला विचारलं, नवऱ्याचं नाव काय?

"त्यो कशाला? साखरबाई लिवा. माझ्या घरात तीच हाय."

साखरबाई आणि ती पंधरा वर्षं एका खोलीत संसार करत होत्या. संसारच म्हणतो, दुसरा शब्द शोधायची मला गरज वाटत नाही. एक चूल, एक अंथरूण, दोन शेळ्या. वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं, तोंडानं कुणी बोलत नव्हतं. पण फॉर्मवर पतीचा रकाना होता, साखरबाईचा नव्हता. दगडाबाईचं लग्न चौदाव्या वर्षी वडगाव निंबाळकरच्या सोपानशी झालेलं. चार महिन्यांत त्यानं तिला माहेरी घालवलं आणि दुसरी केली. त्याला चोवीस वर्षं झाली, साधी चौकशी नाही. पण सोडचिठ्ठीचा कागद कुणी केला नव्हता, म्हणून मी ठसठशीत अक्षरात लिहिलं: पती, सोपान. विम्याला टाकून दिलेला नवरा चालतो, मारका चालतो, फक्त नवरा लागतो.

पुढच्याच वर्षी साखरबाईच्या पिशवीत गाठ निघाली. अंगावरून जाणं थांबेना. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात ऑपरेशन करा, नाहीतर बाई हातची जाईल. खर्च दगडाबाईच्या वर्षाच्या पगाराएवढा. ती कार्ड घेऊन माझ्या टेबलापुढं उभी राहिली.

"भाऊसाहेब, ह्याच्यावर फोटू न्हाय. साखरबाईला दगडाबाई म्हणून झोपवते."

मी नियम सांगायला तोंड उघडलं. पण तिच्या डोळ्यांत पाणी बघून दवाखान्यात बरोबर यायचंच कबूल केलं.

बारामतीच्या दवाखान्यात साखरबाई दगडाबाई झाली आणि दगडाबाई साखरबाई. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "कार्डावर मिस्टर आहेत ना? मग त्यांची सही आणा, त्याशिवाय आत घेणार नाही."

मीच लिहिलेला मिस्टर! स्कूटर काढली आणि वडगाव गाठलं. दगडाबाईचं ऑपरेशन आहे, सही हवी, एवढंच सोपानला सांगितलं. त्यानं ऐकून एकच विचारलं, "बाईचं काय कमीजास्त झालं तर पैसं कुणाला?"

"नवऱ्याला," मी बेधडक थाप मारली. तो धुतलेली टोपी घालून लगेच मागं बसला. वाटभर मी एकच हिशेब करत होतो. हा चेहरा बघून म्हणणार, ही माझी बायको न्हाय, की साखरबाईचं ऑपरेशन बुडालं आणि माझी नोकरीही.

सोपान खाटेपाशी उभा राहिला. साखरबाईकडं त्यानं नीट निरखून बघितलं.

"लई वाळलीस गं दगडे," म्हणाला आणि पतीच्या रकान्यात सही ठोकली.

माझा जीव भांड्यात पडला, आणि मग रागच आला. खरी दगडाबाई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

सिस्टरनी साखरबाईच्या बांगड्या उतरवून त्याच्यापुढं धरल्या. त्या घरच्या माणसाकडं द्यायच्या असतात. त्यानं घेतल्या आणि तशाच दगडाबाईच्या हातात कोंबल्या.

"बाई, तुमीच ठिवा ह्या. मला वडगावची यष्टी गाठायचीय."

आणि गेला.

दगडाबाईनं बांगड्या पदराला बांधल्या आणि ऑपरेशनच्या दारापाशी फरशीवर बसली. दोन तास तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, पेशंट बरी आहे, तेव्हा ती तोंडात पदर घालून रडली.

जरा वेळानं मी म्हणालो, "ओळखलं नाही हो त्यानं तुम्हाला."

"बरंच झालं की," ती डोळे पुसत म्हणाली. "पंचवीस वर्षांत पयल्यांदा नवरा म्हणून कामाला आला."