आडवं पडून दिलेलं रक्त

पहिल्यांदा ते वर्गात झालं. मी फळ्यावर समीकरण सोडवत होते. एकाएकी छाती धडधडायला लागली, डोकं ठणकू लागलं, पाठीवरून घामाची धार लागली. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मिस, तुमचा चेहरा पांढरा पडलाय." मी खुर्चीत बसले. थोड्या वेळानं सगळं ओसरलं, तास संपला, आणि मी घरी कुणाला काही बोलले नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मिरजेहून चेन्नईला आलो होतो. तो पहाटे कंपनीच्या बसनं श्रीपेरुंबुदूरला जायचा, मी वेस्ट मांबलममधल्या शाळेत गणित शिकवायचे. तमिळ अजून अडखळतच होतं. त्यामुळे झटके वाढले तेव्हा कारण सगळ्यांना आयतंच सापडलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नका." शेजारच्या मामींनी "पदट्टम, पदट्टम" म्हणत कपाळाला विभूती लावली; पदट्टम म्हणजे जिवाची घालमेल. फोनवर आई म्हणाली, "तू लहानपणापासूनच घाबरट." नवरा नुसता पाठीवरून हात फिरवत बसायचा. हळूहळू मलाही पटलं, की आपलं मनच दुबळं आहे. मी एकटीनं बाजारात जायचं सोडलं. शाळेतल्या पालकसभा टाळू लागले.

एका नव्या डॉक्टरबाईंनी रक्तदाब पाहिला आणि त्या थबकल्या. त्यांनी एक रक्ततपासणी लिहून दिली. मी धावतपळत इस्पितळाचा जिना चढले, रांगेत उभी राहिले, खुर्चीवर बसून हात पुढे केला आणि रक्त देऊन शाळेत परतले. रिपोर्टमधला आकडा जेमतेम मर्यादेच्या वर होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, "एवढ्यावरून काही सांगता येणार नाही. सुईच्या भीतीनंसुद्धा इतकं वाढतं."

पुन्हा भीतीच. मी रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेतून फोन आला. तिथल्या प्रमुख बाई बोलत होत्या. माझं आडनाव वाचून त्यांनी थेट मराठीतच सुरुवात केली. पण ती मराठी मी कधी ऐकलेली नव्हती. तंजावरकडची, जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची.

"रक्त बसून घेतलें का तुमचें?"

"हो, खुर्चीवर."

"मग त्या आकड्याचा भरवसा नाही. पुन्हा या. काफी पिऊं नका. सर्दीची गोळी घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. मी स्वतः असेन."

त्या दिवशी नवऱ्यानं रजा काढली. बाईंनी मला एका शांत खोलीत खाटेवर निजवलं, पंखा हळू केला, हातात बारीक नळी बसवली, पण रक्त घेतलं नाही. खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

"आता अर्धा तास नुसतें पडून राहायचें," त्या म्हणाल्या. "उभें राहिलें, बसलें, सुई टोचली, की अंगातलीं भीतीचीं रसायनें वाढतात. मला तुमचें निवांत रक्त हवें."

मग त्यांनी समजावलं. भीतीच्या वेळी सुटणारं अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात फार टिकत नाही, पकडायला जावं तर निसटतं. पण त्याच्यापासून बनणारं एक द्रव्य मागे राहतं. ते मोजायचं. त्यासाठी रक्त लगेच बर्फात ठेवायचं आणि रेणूंचं वजन करणाऱ्या यंत्राकडे पाठवायचं. आकडेमोड माझ्या ओळखीची, म्हणून बरं वाटलं. मग गप्पा दुसरीकडे वळल्या. त्यांच्या घरी चिंच घालून वांग्याची भाजी कशी करतात, ते त्या सांगत होत्या. मी कुशीवर वळले, आणि झटका आला.

छाती उडायला लागली. बोटं गार पडली. बाईंनी डॉक्टरांना हाक मारली, रक्तदाब मोजला गेला, तो खूपच वर गेला होता. नवरा माझे पाय धरून उभा होता. ओसरल्यावर मी सवयीनं म्हणाले, "माफ करा, मी जरा घाबरट आहे."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "घाबरट? आपण वांग्याचें बोलत होतों. त्यांत भ्यायचें काय?"

मला एकदम रडू फुटलं. इतक्या दिवसांत हा साधा प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

नवरा म्हणाला, "आत्ताच घ्या ना रक्त, आकडा नक्की वर येईल."

"येईलच," बाई म्हणाल्या. "पण उद्या कोणी म्हणेल, झटक्यामुळें आला. तसें म्हणायला मी जागा ठेवणार नाही." त्यांनी मला पुन्हा उताणं निजवलं आणि पुन्हा तेवढाच वेळ थांबल्या. त्यांचं जेवण राहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

रिपोर्ट आला. निवांत पडून दिलेल्या रक्तातही आकडा मर्यादेच्या कितीतरी पट होता. स्कॅनमध्ये उजव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत लिंबाएवढी गाठ दिसली. मला भीती वाटो न वाटो, ती आपली रसायनं सोडत होती. आधी रक्तदाब ताब्यात आणणारी औषधं झाली, मग दुर्बिणीनं शस्त्रक्रिया. गाठ साधी निघाली. झटके थांबले ते थांबलेच.

आईला फोन केला तेव्हा तिनं गाठीचं सगळं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही उगाच बोलत होतो गं तुला." मी म्हटलं, "अगं, तुला तरी कुठं ठाऊक होतं?" आणि दोघी हसलो.

बरी झाल्यावर बाईंना भेटायला गेले. त्या गडबडीत होत्या. "आम्हाला रक्ताच्या नळ्या दिसतात, माणसें क्वचित दिसतात," एवढंच म्हणाल्या, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. दरवर्षी तपासणीला जाते तेव्हा त्या अजूनही स्वतः येतात, खुर्ची ओढून बसतात. गेल्या खेपेला तर त्यांनी मला सगळा वेळ तमिळच बोलायला लावलं, आणि माझ्या चुकांवर इतकं हसवलं, की शेवटी त्यांनाच म्हणावं लागलं, "आता पुरे, आकडा बिघडेल."